वाळुंज कापणारे आबा

खोली बघायला गेले तेव्हा माझ्या होणाऱ्या घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेसुद्धा विचारलं नाही. आमच्याकडे हे न विचारणारा माणूस म्हणजे नवलच. ते ओट्यावर उकिडवे बसून टोपली विणत होते. मान वर न करता म्हणाले, "मॅडमबाई, तुमी झोपीत पाय लंबे करता का जवळ घेता?"

मी नुकतीच बी.एड. झालेली, विज्ञान शिकवणारी, पहिलीच नोकरी. वाटलं, म्हातारा एक तर चक्रम आहे नाही तर चावट. तोंड वाकडं करूनच विचारलं, "का बरं?"

"लंबे करत असान तं खाट फिरवा लागते. त्या खोलीत पायथा नदीकडं येते. नदीकडं पाय करून कोनी झोपलं तं मले चालत नाही."

खाट फिरवली. चार वर्षं त्या खोलीत पैनगंगेकडे डोकं करून झोपले. आता मोताळ्याला असते, तरी नव्या जागी आडवं व्हायच्या आधी नदी कुठल्या अंगाला आहे ते बघते. मोताळ्याला नळगंगा आहे, त्यामुळे इथंही सुटका नाही.

गावाचं नाव सांगत नाही. देऊळघाट ओलांडून पुढं गेलं की नदीच्या काठी अशी पाच-सात गावं आहेत, त्यातलं एक समजा. मी जळगाव जामोदची, म्हणजे घाटाखालची. घाटावरची माणसं घाटाखालच्यांना जरा जास्त तिखट समजतात आणि माझ्या बाबतीत ते चुकत नव्हते. घरात दोघंच, आबा आणि त्यांची बायको, माय. मुली लग्न होऊन गेलेल्या. घराच्या मागं दोन एकरांचा मळा होता. वांगी, मेथी, मिरची आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. मळा संपला की नदी. आणि मळा आणि नदी यांच्या मधे वाळुंजाच्या झुडपांची एक लांब रांग. त्या दोन एकरांना नदीपासून राखणारं दुसरं काहीही नव्हतं, ना दगडाचा बांध, ना भिंत.

त्या माणसाचं मी काय केलं ते गावात कुणाला माहीत नाही. गाव भलतंच समजतं. ते सांगायलाच बसले आहे, पण आधी माणूस तर कळू दे.

वाळुंज म्हणजे तसं नदीकाठचं साधंसुधं झुडूप. लांबट पानं, वरून हिरवी, खालून पांढरट. वारा सुटला की सगळी रांग एकदम पांढरी व्हायची. ओल्यात पाय असल्याशिवाय त्याला करमत नाही. फांदी मोडून चिखलात खोचली तरी जगतं. असं स्वस्त झाड असल्यामुळे त्याला कुणी विचारत नसे. विचारायचे ते आबा. कोवळ्या काड्यांच्या टोपल्या, बैलांची मुसकी, कोंबड्यांचं डालगं. पाला शेळ्यांना. एखादी काडी सकाळी दाताला. साल वाळवून गाडग्यात, घरात कुणाला ताप आला तर म्हणून. माय म्हणायची, "मले मांगाले आले तवा माह्या बापानं इचारलं, पोरगा काय करते? तं यायच्या बापानं सांगतलं, नदीत जाते."

आबा टोपली विकत नसत. हा त्यांचा कायदा होता. टोपली फक्त वापरायला द्यायची, आणि फाटली की परत आणून त्यांच्याच हातात ठेवायची. फाटलेल्या टोपल्या ते मळ्यात वांग्यांच्या बुडाशी पुरत. कुणी फाटकी टोपली उकिरड्यावर टाकली तर त्या घराला पुन्हा टोपली नाही. गावात अशी तीन-चार बहिष्कृत घरं होती. त्यातल्या एका घरची सून टोपलीसाठी रडत आली होती. आबा म्हणाले, "तुले देतो पोरी, तुह्या सासऱ्याले नाही. त्यानं हात लावला तं वापस आन." सासरा बिचारा पुढं टोपलीला वळसा घालून जायचा म्हणे.

माणसंही ते टोपलीवरूनच तोलत. आमच्या मुख्याध्यापकांना ते "बिनबुडाचं डालगं" म्हणत, आणि मुख्याध्यापकांना ते माहीत होतं. माझ्याबद्दल काय म्हणता असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "काड्या चांगल्या हायेत. भिजल्या नाहीत अजून." काडी भिजवल्याशिवाय वळत नाही, मोडते. हे मला नंतर कळलं आणि त्या दिवशी जो राग यायला हवा होता तो तेव्हा आला. त्यांच्या काड्या गुरांच्या हौदात भिजत पडलेल्या असायच्या आणि म्हशीला पाणी पाजायला माय बादल्या घेऊन दुसरीकडे हिंडायची. म्हैस आधी का काड्या आधी, यावर त्या घरात चाळीस वर्षं भांडण चाललं होतं.

दर बाजारच्या दिवशी ते भाजी घेऊन बसने बुलढाण्याला जायचे. एकदा नवा कंडक्टर म्हणाला, टोपली मोठी आहे, सामानाचं तिकीट घ्या. आबांनी सामानाचं नाही, माणसाचं तिकीट मागितलं, पूर्ण. त्यानं थट्टेत दिलं. मग आबांनी टोपली खिडकीजवळच्या सीटवर बसवली आणि स्वतः तिच्या शेजारी बसले. गाडीत उभी राहिलेली माणसं बोंबलायला लागली. "काऊन, इले तिकीट हाय ना," आबा म्हणाले. "कंडक्टरले सांगा इले उतरवाले, ते उतरली तं मी उतरतो." बुलढाण्यापर्यंत टोपली खिडकीतून बाहेर बघत गेली. मी मागं उभी होते. मला हसावं की ओळख दाखवू नये ते समजत नव्हतं, शेवटी ओळख दाखवली नाही.

पहिल्याच पावसाळ्यात मला सडकून ताप आला. आबांनी गाडग्यातली साल उकळून आणली. इतकं कडू मी आयुष्यात दुसरं काही प्यायले नाही. दुसऱ्या दिवशी अंगदुखी कमी झाल्यावर मी त्यांना शहाणपणानं सांगितलं, की आबा, दुखण्यावरची जी जुनी गोळी आहे ना, ती बनवायची कल्पना याच जातीच्या झाडाच्या सालीवरून आलेली आहे. ते खूश होतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "मंजे तुमच्या गोळीनं आमच्या झाडाची नक्कल मारली. मंग इतके दिवस मास्तर लोकाइनं आमालेच काऊन अडानी म्हटलं?"

मी ते हसण्यावारी नेलं. पुढच्या गोष्टी होण्याआधी त्या प्रश्नावर मी थोडा विचार तरी करायला हवा होता. पण बाईसाहेबांकडे पुस्तक होतं ना.

झालं असं. त्याच वर्षी सातवीच्या मुलांना मी नदीकाठचा अभ्यास करायला लावला. वर्ग घेऊन आम्ही वाळुंजाच्या रांगेत जायचो. मुलांनी किडे मोजले, घरटी शोधली, पानांची चित्रं काढली. शिंपी पक्ष्याचं एक घरटं सापडलं तेव्हा पोरं दिवसभर हळू आवाजात बोलत होती, आणि सातवीची पोरं हळू बोलतात हे मी तेवढं एकदाच पाहिलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर येऊन पुन्हा बघू, फुलोरा येईल, असं ठरवून मी घाटाखाली गेले.

परत आले आणि मळ्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिले. रांगच नव्हती. सगळे वाळुंज गुडघ्याएवढे कापलेले, नुसती खुंटं. मधेच एखादं झुडूप सोडलेलं. आबा त्या खुंटांमधे बसून काड्यांचे भारे बांधत होते आणि त्यांच्या कपाळाला नि खुंटांनाही कुंकू लावलेलं होतं.

"आबा, हे काय केलंत?"

"हजामत," ते म्हणाले. "भाऊबीज झाली का दुसऱ्या दिशी करतो. तीन कापाचे, चवथं पाखराइले सोडाचं. अजून कुंकू-हयद लावाचं राह्यलंच हाय दोघा-तिघाइले."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. घरटी, किडे, पर्यावरण, आणि "तुमच्या टोपल्यांसाठी" असं काहीतरी. ते ऐकत राहिले. माझं संपल्यावर एवढंच म्हणाले, "मॅडमबाई, याचं असंच असते. कापलं तं लवते, ठेवलं तं लोळते." हे वाक्य ते नेहमी म्हणायचे, अगदी भाकरी मोडतानासुद्धा, त्यामुळे मी ते कानाआड केलं. आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. माय मधे पडली, "अवो ते जातेच तसं नदीत, त्याच्या बापाचं बी तेच होतं." मी मायशीही फुगून बसले.

फुटतं का ते बघायला मला थांबायचं नव्हतं. खरंतर पंधरा दिवसांत खुंटांना लाल कोंब दिसायला लागले होते. ते मी पाहिले. पाहिले आणि मनात म्हटलं, बिचारी झाडं, जगायला धडपडतायत.

शाळेच्या नावानं मी ग्रामपंचायतीला अर्ज दिला. नदीकाठचं वाळुंज कुणीही तोडू नये, असा ठराव व्हावा. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तो वाचला गेला. मुलांनी रंगवलेली पाटीही तयार होती, "वाळुंज तोडू नका, नदीला रडवू नका." घोषणा माझीच. आता तोंडातल्या तोंडात म्हटली तरी अंगावर काटा येतो.

सरपंचांनी विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का. आबा उठले. टोपी काढून हातात घेतली. मी त्यांना कधी टोपी काढलेली पाहिली नव्हती. म्हणाले, "आमच्या आज्यापासून कापून राह्यलो. कापल्यानंच ते टिकलं हाय. नाही कापलं तं ते मोठं होईन आन मंग नदी त्याले आन मले दोघाइले घेऊन जाईन."

दोन-चार म्हातारे माना हलवत होते. मी तेव्हा गप्प बसले असते तर ठराव बहुतेक बारगळला असता. पण मी उभी राहिले आणि हसून, हो, हसून विचारलं, "आबा, झाडाला कापलं की झाड जगतं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते सांगा, मी मुलांना शिकवते."

सगळं गाव हसलं. सरपंच हसले, मुख्याध्यापक तर डोळे पुसत हसले, त्यांना डालग्याचा हिशोब चुकता करायला मिळाला होता. आबाही हसले. टोपी घातली आणि खाली बसले. ठराव मंजूर झाला.

संध्याकाळी त्यांनी विळा फडक्यात गुंडाळून आढ्याला खोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराशी चहा आला, रोजच्यासारखाच, आणि तोच मला सगळ्यात जड गेला. भांडले असते तर मी भांडायला तयार होते.

पण आबांचा चक्रमपणा गेला नव्हता, त्यानं फक्त वाट बदलली. ठराव झाला म्हणजे झाला. त्या दिवसापासून त्यांनी वाळुंजाची काडीही तोडली नाही, दाताला घ्यायचीसुद्धा नाही. शेळ्यांनी तोंड लावलं तर शेळ्यांना हाकलायचे. वाऱ्यानं एखादी फांदी मोडून पडली तर ती खांद्यावर घेऊन थेट पंचायतीत जायचे आणि ग्रामसेवकाच्या टेबलावर ठेवायचे. "हे पडलं. म्या नाही तोडलं. लिहून घ्या." ग्रामसेवक आधी हसला, मग वैतागला, मग आबा दिसले की मागच्या दारानं पळायला लागला. एका मोठ्या वादळानंतर आबांनी बैलगाडी भरून फांद्या नेल्या. कार्यालयाचं दार त्या दिवशी उघडता आलं नाही. गाव पोट धरून हसलं. मीही हसले. मला वाटलं, म्हातारा आता खेळीमेळीनं घेतोय.

भाजी आता सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांमधून बाजारात जायची. बसमधे पोत्याला कुणी तिकीट विचारत नव्हतं. गावातल्या टोपल्या एकेक करून फाटत परत येत होत्या आणि वांग्यांच्या बुडाशी जात होत्या, नवी कुठलीच निघत नव्हती. हौदातल्या काड्या संपल्यावर म्हैस तिथं पाणी प्यायला लागली. माय म्हणाली, "आता भांडाले बी काई राह्यलं नाही घरात." हे ती हसत म्हणाली होती म्हणून मी त्याला गंमत समजले.

मला मात्र दिवस चांगले आले. तालुक्याला माझा सत्कार झाला, पेपरात पाटीसह फोटो आला. आबांनी तो पेपर मागून घेतला, वाचता येत नव्हतं तरी बराच वेळ धरून बसले. "फोटू चांगला आला," म्हणाले. "वाळुंज बी आलं मांगं. लय उंच झालं नाही?"

झालंच होतं. दोन पावसाळ्यांत झुडपांची झाडं झाली. जुन्या बुंध्यांवर मांडीएवढ्या फांद्या, वर शेंड्यांचा भार. मुलं त्यावर चढायची. पानं हलायची तेव्हा मोठा आवाज यायचा. मला ते फार सुंदर वाटायचं, खोटं कशाला बोलू. आबा रोज संध्याकाळी मळ्याच्या टोकाला जाऊन हात मागं बांधून उभे राहायचे. एकदा मी शेजारी जाऊन उभी राहिले नि म्हटलं, "बघा आबा, किती वाढले." ते म्हणाले, "हाव."

तिसऱ्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आधी, वरच्या अंगाला तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. पूर पहाटे आला. उजाडताना मायची हाक ऐकून मी धावले. मळ्याच्या टोकाशी आबा उभे होते आणि त्यांच्या पायापासून दोन हातांवर जमीन संपत होती. पाणी वाळुंजांच्या शेंड्यांत अडकलं होतं. वरून आलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, पाइप, प्लास्टिक, मेलेलं एक वासरू, सगळं त्या उंच फांद्यांनी धरून ठेवलं होतं, आणि त्याच्या मागं नदी जोर लावत होती. माझ्या डोळ्यांदेखत एक झाड हळूच कलंडलं. पडताना मुळांनी धरलेली सगळी माती घेऊन गेलं, त्यावरच्या मिरचीसकट. मग त्याच्या शेजारचं. मग एकापाठोपाठ एक. आणि शेवटी मळ्यातल्या विहिरीची कड.

आबा ओरडले नाहीत. मला समजावून सांगावं तसं म्हणाले, "पहिले ते लवत होते, मॅडमबाई. पूर आला का आंग टाकून द्यायचे, पानी वरून निंघून जाये. पानी उतरलं का उठून बसायचे. आता उभे राह्यले. उभे राह्यले तं नदीसंग भांडले."

मला सगळं एका क्षणात समजलं. दहावी-बारावीच्या पोरालाही समजावं इतकं ते सोपं होतं. त्यासाठी पुस्तक लागत नव्हतं, फक्त त्यांनी सभेत सांगितलेली दोन वाक्यं नीट ऐकायला हवी होती. दोन एकरांतला सव्वा एकर त्या सकाळी गेला. तो काही पुढच्या वर्षी परत येणार नव्हता.

दुपारी पूर ओसरला तसे तलाठी पंचनाम्याला आले, सरपंच आले, गाव जमलं. कुणीतरी मागून म्हणालं, "ते कापू द्याले पायजे होतं बे. मॅडमनं बंद केलं ना." ते ऐकून लोक माझ्याकडे बघायला लागले. मी बोलणार होते. खरंच बोलणार होते असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे.

आबा माझ्या आधी बोलले. "त्याइचं काई नाही त्यात. म्याच चाळीस वर्सं कापू कापू त्याची मुळं खिळखिळी केली होती. मॅडमबाई सांगत होत्या ते खरं होतं. त्याइनं बंद केलं पन उशीर झाला होता. लिहा साहेब, माह्या हातानं झालं."

तलाठ्यांनी लिहिलं. आपल्याच हातानं केलं म्हटल्यावर मदत कशाची मिळते? आणि मी उभी होते. एवढी तोंडाची तिखट, घाटाखालची, मुख्याध्यापकांना उलट बोलणारी मी चिखलात उभी राहून एक म्हातारा माणूस माझ्यासाठी खोटं बोलत होता ते ऐकत राहिले.

संध्याकाळी मी त्यांच्यासमोर रडले. विचारलं, असं का केलंत. ते विहिरीतून वाचलेला दोर गुंडाळत होते. म्हणाले, "पाहा, माह्यं तं तसंबी कोनी ऐकत नव्हतं. मले काय फरक पडते? तुमचं पोट्टे ऐकतात. या गावात पोरी सातवीच्या पुढं तुमच्या शब्दावर शिकून राह्यल्या. उद्या मॅडमचं चुकलं म्हटलं का मंग समदंच चुकलं म्हनतीन. पोरी घरी बसवतीन."

"मी पुढच्या ग्रामसभेत खरं सांगते, आबा. शपथ."

"हाव. सांगजा सवडीनं. काई घाई नाही."

पुढच्या ग्रामसभेला मी गेले, आणि विषयपत्रिकेत हा विषय नव्हता म्हणून गप्प बसले. त्यानंतरच्या सभेला मला सर्दी झाली होती. मग माझी बदली मोताळ्याला झाली. सामान भरताना आबांनी मला एक लहानशी टोपली दिली, जुन्या राहिलेल्या काड्यांची. "फाटली का आनून देजा," म्हणाले. ती फाटली कधीच. मी नेऊन दिली नाही, कारण गेले असते तर सभेत सांगितलंत का, असं त्यांनी विचारलं असतं. विचारलं नसतं म्हणा. पण तो माणूस काहीच न विचारता चहा पुढं करील, याचीच मला जास्त भीती वाटायची. असं करता करता अकरा वर्षं गेली. घाट चढून गेलं तर तासा-दीड तासाचा रस्ता आहे.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. मला तेरवीलाच कळलं. तशीच घाट चढून गेले.

मांडवात पहिलीच पंगत बसत होती. मला ओळखून नवे सरपंच स्वतः उठून आले. हा माझा सातवीचा विद्यार्थी, शिंप्याचं घरटं यानंच शोधलं होतं. त्यानं मला मानानं मधे बसवलं. वरण वाढून झालं आणि शेजारचे एक पाहुणे म्हणाले, "मानूस देव होता, पन झक्की. वाळुंज कापू कापू नदी मळ्यात आनली पठ्ठ्यानं."

"हो ना," सरपंच म्हणाला. "या आमच्या मॅडमनं लय समजावलं होतं त्याले. ग्रामसभेत सुद्धा. पन ऐकते थोडंच."

सगळी पंगत माझ्याकडे आदरानं बघत होती. हात पानावर होता. आता सांग, मी स्वतःला म्हटलं, आता नाही तर कधी. आता पोरी शिकून संसाराला लागल्या, आता माझ्या शब्दावर कुणाची शाळा अडलेली नाही, आता तर त्यांनी दिलेलं कारणही उरलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "आबा फार चांगले होते." लोकांनी माना हलवल्या आणि जेवायला सुरुवात केली.

हात धुऊन मी मायला भेटायला आत गेले. ती मांडवाकडच्या दाराला अगदी लागून बसलेली होती, फळीला कान देऊन. मला बघून तिनं जागा करून दिली. मी तिचे हात धरले. ती म्हणाली, "तुमी आल्या असं आयकलं तवापासून मी इथंच बसली. जेवली बी नाही. ते मरेपर्यंत म्हनत होते, मॅडमबाईनं शपथ घेतली हाय, त्या येऊन सांगतीन एक दिवस. म्हटलं, आज सांगतीन."

बाहेर दुसरी पंगत बसत होती. सरपंचाचा आवाज येत होता, पाहुणे तेच होते, गाव तेच होतं. तेव्हाही सांगता आलं असतं. मी मायला नमस्कार केला आणि मागच्या दारानं निघाले.